गुन्हेगार खेकडा

कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी, विजेची थकबाकी हे सगळे उभे असताना संपादकीयाच्या जागी खेकडा कशाला, असे काही वाचक विचारतील. विचारावेच. आमचे उत्तर एवढेच की खेकड्याला या राज्याच्या कारभारात आम्ही आणलेले नाही, सरकारने आणले आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. खाली भेंदवाडी होती, ती वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. धरण गळते आहे हे गावकरी आधीपासून सांगत होते. दोनच दिवसांत त्या वेळच्या जलसंधारण मंत्र्यांनी कारण जाहीर केले: खेकड्यांनी धरण पोखरले. मग ठाण्यात विरोधी पक्षाचे लोक जिवंत खेकडे घेऊन पोलिस ठाण्यात गेले, याला अटक करा म्हणाले, वर्तमानपत्रांत फोटो आले. राज्यभर हसू झाले आणि त्या हसण्यात गळतीचा अर्ज कुठल्या टेबलावर पडून होता हा प्रश्न बुडाला.

खेकड्याची बाजू घ्यायची तर खरे तेवढेच बोलावे. मातीच्या भरावात खेकडा बीळ करतो. भाताच्या बांधात करतो, कालव्याच्या काठात करतो, तलावाच्या भिंतीत पाण्याच्या रेषेजवळ करतो. कोकणातल्या, मावळातल्या भातशेतकऱ्याला विचारा. भरलेले खाचर सकाळी रिकामे झालेले त्याने पाहिले आहे. म्हणून तर मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा भरतात, पाण्याच्या अंगाला दगडाचे पिचिंग करतात, खालच्या अंगाला पाझर गाळून काढणारा थर देतात. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी कोणीतरी भिंतीवरून पायी चालत जाऊन झाडे, बिळे, भेगा, ओल पाहायची असते. हे शेवटचे काम सगळ्यात स्वस्त. त्याला टेंडर लागत नाही, नारळ फोडावा लागत नाही. म्हणूनच ते होत नाही. उंदीर, घूस, वारूळ आणि खेकडा धरणाच्या आधीपासून त्या मातीत आहेत. ते तिथे असणार हे धरून बांधायचे आणि राखायचे, यालाच इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्याचाच पगार मिळतो.

हे कोकणातले झाले, आपले काय? आपल्या कोरडवाहू मुलखात गावागावांत पाझर तलाव आहेत, माती नालाबांध आहेत. त्यातले किती पाणी धरतात हे शिवारात फिरणाऱ्याला सांगायला नको. उद्या एखादा फुटला की कागदावर लिहायला खेकडा तयारच आहे. तेव्हा ज्याच्या नावाने पंचनामा व्हायचा तो प्राणी काय आहे, तो आपल्या नाल्यात अजून आहे का, आणि नसेल तर कशाने गेला, हे आपल्याला माहीत असलेले बरे.

आपल्याकडचा हा काळपट तपकिरी, मुठीएवढा खेकडा. कोल्हापूरकडे त्याला किरवा म्हणतात, मावळ-कोकणात मुठा, गोव्याकडे कुर्ली. शास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव बॅरिटेलफुसा क्युनिक्युलॅरिस. हे नाव कसे पडले ते ऐकण्यासारखे आहे. १८२४ पासून मुंबई इलाख्याच्या सरकारने कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करायला नेमले. जमीन, पिके, माणसे, सारा असे सगळे मोजता मोजता या साहेबाने डोंगरमाथ्यांवर बिळांतून राहणारे खेकडेही गोळा केले. १८३६ साली विलायतेत वेस्टवूड यांनी त्याला नाव दिले. लॅटिनमधल्या ज्या शब्दावरून ते घेतले, त्याचा अर्थ ससा, आणि सशाचे बीळही. म्हणजे बीळ करणे हा खेकड्याचा गुन्हा नव्हे, त्याचे नावच ते आहे, आणि सरकारदप्तरी ते जवळपास दोनशे वर्षे नोंदलेले आहे.

समुद्राचा खेकडा आणि आपला खेकडा यांत एक मोठा फरक आहे आणि पुढचे सगळे त्यावर उभे आहे. समुद्रातली मादी लाखांनी अंडी घालते. त्यातून डोळ्याला धड न दिसणारी पिल्ले निघतात, प्रवाहाबरोबर कोसच्या कोस वाहत जातात, बहुतेक मरतात, उरलेली दूरच्या किनाऱ्याला लागतात. गोड्या पाण्याच्या खेकड्याचे तसे नाही. तिची अंडी मोजकी, दहावीसांपासून काही शेकड्यांपर्यंत, पण मोठी. ती पोटाखालच्या झडपेत धरून ठेवते. अंड्यातून निघतो तो पुरता खेकडा, नांग्यांसकट, ज्वारीच्या दाण्याएवढा. तोही काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतो आणि पावसाचे पाणी आले की उतरतो. ही पिल्ले वाहून समुद्रापार जात नाहीत. ज्या ओढ्यात जन्मली त्या ओढ्याची होतात. म्हणून एका नाल्यातला खेकडा संपला तर दुसरीकडून भर यायला वर्षे लागतात, आणि मध्ये डोंगर किंवा कोरडा माळ असेल तर भर येतच नाही.

आणि याच कारणाने खेकड्यांच्या जाती इतक्या झाल्या. डोंगराच्या या अंगाचा वेगळा, त्या अंगाचा वेगळा. जगात गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या तेराशेवर जाती नोंदल्या आहेत. एकूण खेकड्यांच्या पाचवा हिस्सा. भारतात शंभरावर. १९१० साली अल्कॉक यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमसाठी देशातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची यादी केली, तीवर पुढची कित्येक वर्षे काम भागवले गेले. अलीकडे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी सह्याद्री पुन्हा धुंडाळायला घेतला, तेव्हा २०१४ साली 'घाटियाना' नावाचे नवे कुळच मांडावे लागले, आणि २०१६ साली एका फटक्यात पाच नव्या जाती नोंदल्या गेल्या. त्यातल्या एकीला अल्कॉकचे नाव दिले आहे. जांभळे, केशरी, दोन रंगांचे खेकडे घाटातल्या माणसाला काही नवे नव्हते. नवे होते ते दप्तराला.

२००९ साली जगातल्या १,२८० जातींचा आढावा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या पद्धतीने घेतला गेला. त्यात ६२८ जातींपुढे शेरा होता: माहिती अपुरी. निम्म्या जाती तगल्या आहेत की मेल्या, कोणी पाहिलेच नाही. आपला बॅरिटेलफुसा या यादीत धोक्यात नाही, तो पसरलेला आहे. ते खरे आहे आणि आम्ही उगाच ओरड करणार नाही. पण जगाच्या यादीत तो सुखरूप असला म्हणून तुमच्या नाल्यात असतोच असे नाही. देशात ज्वारी भरपूर पिकली म्हणून तुमच्या कणगीत पडत नाही, तसेच हे.

खेकड्याचे बीळ म्हणजे एक विहीरच. विहिरीचे अनुदान न घेता, कर्ज न काढता खणलेली. उन्हाळ्यात नाल्याचे पाणी खाली जाते तसा तो ओलीच्या मागे बीळ खोल नेतो आणि तळाच्या ओलीत पडून राहतो. त्याच्या कल्ल्याच्या पोकळीत पाणी राहते, त्यावर तो ओलसर हवेतही श्वास घेतो. म्हणून रात्री वावरातून चालत जाऊ शकतो. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या दिसल्या की समजावे, आत जिवंत आहे आणि खाली अजून ओल आहे. ज्या नाल्याच्या काठी मार्चमध्ये अशा गोळ्या दिसत आणि आता पोळ्याच्या सुमारालाही दिसत नाहीत, तिथे पाणी कुठवर गेले हे सांगायला भूजल खात्याचा माणूस नको. दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरशी खेकड्याला शर्यत लावता येत नाही. नदीकाठच्या हातभर विहिरीवाल्या शेतकऱ्यालाही ती लावता आली नाही.

तो खातो काय? कुजका पालापाचोळा, शेवाळ, मेलेले मासे, गोगलगायी, जे मिळेल ते. नाल्यात पडलेला पाला तुकडे होऊन गाळात मिसळतो, त्यातला काही याच्या तोंडातून जातो. त्याच्या बिळांतून काठाच्या मातीत हवा जाते, पाणी मुरते. आणि त्याला खाणारे पाहा: ढोकरी, खंड्या, मुंगूस, कोल्हा, जिथे उरले असेल तिथे पाणमांजर. आणि माणूस.

खेकड्याच्या भावकीतले काही जीव त्याहून लहान आहेत, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय कोरडवाहू माणसाला या विषयाचे मर्म कळणार नाही. मृग बरसला की माळावरच्या खडकातल्या डबक्यात, गाडीवाटेच्या चाकोरीत आठ-पंधरा दिवसांत एक पारदर्शक, झिंग्यासारखा, पाठीवर उताणा पोहणारा जीव दिसतो. शास्त्रज्ञ त्याला फेअरी श्रिम्प म्हणतात. दुसरा एक, पाठीवर ढाल आणि मागे दोन शेपट्या असलेला. ट्रायॉप्स त्याचे नाव. डबके आटायच्या आत त्यांना जन्मून, वाढून, अंडी घालून मरायचे असते. अंडी मात्र मरत नाहीत. तळाच्या मातीत सुकतात, उन्हात तापतात, वाऱ्याने उडतात आणि वर्षानुवर्षे तशीच राहतात. आता खरी गंमत: पहिल्या पावसाला ती सगळी फुटत नाहीत. काही फुटतात, काही पुढच्या पावसाची, काही पुढच्या सालाची वाट पाहतात. पाऊस दगा देऊन डबके आठ दिवसांत आटले तर फुटलेली मेली, पण बियाणे शिल्लक आहे. धूळपेरणी करून सगळी थैली एकदम मातीत घालणाऱ्याला आणि मग दुबार पेरणीसाठी दुकानदाराच्या दारात उभे राहणाऱ्याला हा हिशेब सांगायला नको.

याच भावकीतला एक जीव आपल्या वडीलधाऱ्यांच्या पायात दुखणे देऊन गेला आहे. नारू आठवतो ना? पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा टिंबाएवढा जीव असे, त्याच्या पोटात नारूची अळी, आणि ते पाणी गाळल्याशिवाय प्यायले की वर्षभराने पायातून दोरी निघे. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. विहिरीच्या पायऱ्या बुजवून, पाण्यात औषध टाकून आणि मुख्यतः दुहेरी फडक्यातून पाणी गाळून हा रोग गेला. सायक्लॉप्स अजून आहे, नारू नाही. हे सांगायचे कारण असे की पाण्यातला जीव माहीत असेल तर त्याच्याशी कसे वागायचे ते ठरवता येते. सगळे मारून टाकणे हा त्यातला सगळ्यात आळशी मार्ग.

आता फवारणीकडे येऊ, कारण आपला हात तिथे गुंतला आहे. खेकडा, झिंगा, सायक्लॉप्स आणि बोंडअळी, तुडतुडा, पांढरी माशी हे सगळे सांध्यांच्या पायांचे, कात टाकून वाढणारे प्राणी. नात्याने जवळचे. जे औषध अळीच्या मज्जातंतूंवर चालते ते खेकड्याच्याही चालते. सायपरमेथ्रिनसारखी औषधे लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमहून कमी असली तरी पाण्यातल्या लहान जिवांना पुरतात. अळीला कात टाकू न देणारी जी औषधे आहेत, नोव्हॅल्युरॉन, लुफेन्युरॉन वगैरे, त्यांना माणसाच्या मानाने सौम्य म्हणतात. पण खेकडाही कात टाकूनच वाढतो. आणि वेळ पाहा. पिल्ले आईच्या पोटाखालून उतरतात पावसाळ्यात, आणि पऱ्हाटीवर फवारे सुरू होतात तेही जुलै-ऑगस्टपासून. फवारा संपला की पंप कुठे धुतो आपण? नाल्यात. रिकामा डबा कुठे जातो? नाल्यात. वर दोन तासांत सर आली की वावरातले उरलेलेही नाल्यात.

हा खेकड्यावरच्या दयेचा प्रश्न नाही, धंद्याचाही आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात भातशेतीच्या खाचरांत क्रॉफिश नावाचा नांगीवाला झिंगा पाळतात. १९९९ पासून तिथे भाताच्या बियाण्याला फिप्रोनिल लावून विकू लागले आणि क्रॉफिशवाल्यांची तळी ओस पडली. ते शेतकरी रडत बसले नाहीत, एकत्र येऊन कोर्टात गेले. २००४ साली कंपनीला साडेचार कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. तेच फिप्रोनिल आपल्याकडे कापसावर विकले जाते. आपल्या नाल्यातला झिंगा मेला तर भरपाई मागायची कोणी आणि कोणाकडे? तो कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. ढीवर, भोई, कोलाम, भूमिहीन मजूर यांच्या ताटात तो होता, आणि ताटाचा सातबारा निघत नाही.

शिवाय नाल्यातला खेकडा आणि वावरातला माणूस यांत औषध भेद करीत नाही, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने दाखवले. त्या एका हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हाही पहिला दोष कोणाला दिला गेला? मेलेल्याला. तोंडाला फडके बांधले नाही, वाऱ्याच्या दिशेला फवारले, मिश्रण चुकवले. तिवऱ्याला खेकडा, यवतमाळला मजूर. जो उलट बोलू शकत नाही तो गुन्हेगार, हा सरकारी तपासाचा नियम झाला आहे.

मग नाला खोलीकरण. दुष्काळ हटवण्याच्या नावाने डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यात चांगली कामे झालीच नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. काही गावांनी माथ्यापासून बांधबंदिस्ती करून पाणी खरोखर मुरवले. पण पोकलेन लावून नाला सरळ कापणे हे सगळ्यात सोपे काम, कारण घनमीटरवर बिल निघते. काठाची उतरण गेली, करंज-उंबर गेले, डोह बुजले, रेतीचा थर निघाला, उरली दोन भिंतींची चारी. त्या उभ्या भिंतीत खेकडा बीळ कुठे करील, आणि गुरे पाण्यावर कुठून उतरतील? नऊ हजार कोटींवर खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम थोडाच झाला, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने म्हटले. आता २०२३ पासून तिचा दुसरा अवतार सुरू आहे. आपल्या गावाच्या आराखड्यात खोलीकरण किती आणि माथ्यावरचे काम किती, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

मराठी माणसाला खेकड्याची उपमा फार देतात. टोपलीत झाकण नसले तरी एकही बाहेर पडत नाही, चढणाऱ्याचा पाय दुसरा ओढतो, वगैरे. शेतकऱ्यांच्या सभांतून तर पाहुणे वक्ते हमखास सांगतात आणि टाळ्या घेतात. आम्ही नाल्यात खेकडे पुष्कळ पाहिले; तिथे प्रत्येकाचे बीळ वेगळे, कोणी कोणाच्या पायाला हात घालीत नाही. पाय ओढणे टोपलीत सुरू होते. टोपली कोणाची, हे त्या वक्त्यांनी एकदा सांगावे.

खेकडे धरण्याबद्दलही बोलले पाहिजे. पहिल्या पावसाच्या रात्री बत्ती घेऊन ओढ्याला जाणे हा ज्यांच्या घरी वर्षाचा सण आहे, त्यांना आम्ही ते सोडा म्हणणार नाही. शेंगदाण्याचे कूट आणि काळा मसाला घालून केलेला रस्सा ज्याने चाखला तो असे म्हणूही शकत नाही. पण नेमकी तीच रात्र अंडी-पिल्ले घेतलेल्या मादीची असते. तिला ओळखणे सोपे: उलटी धरली की पोटावरची झडप रुंद आणि गोल असते, नराची अरुंद, निमुळती. झडपेखाली अंडी किंवा पिल्ले दिसली की तिथेच सोडून द्यावी. एक मादी सोडली तर पुढच्या सालाची टोपली सोडली, इतका सरळ व्यवहार आहे. उन्हाळ्यात उरलेल्या डोहात कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर ओतून मासे-खेकडे वर काढण्याचा जो प्रकार शिरला आहे, तो मात्र गावाने एका दमात बंद करावा. त्या डोहावर गुरे पाणी पितात, आणि तसला खेकडा बाजारात विकणाऱ्याला तो कुठून आणला हे विचारायची कोणाची हिंमत होत नाही. जाता जाता एवढेच की खेकडा शिजवूनच खावा. मणिपूरकडे कच्च्या-अर्धकच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जंत जातो, आणि खोकल्यातून रक्त पडू लागले की क्षय समजून वर्षभर भलतीच औषधे खावी लागतात.

राहिले सरकारी कागदाचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. हरित लवादाने तगादा लावल्यावर २०२० च्या आसपास गावोगावच्या वह्या घाईघाईने तयार झाल्या. ग्रामसेवकाकडे मागून पाहा. पुष्कळ ठिकाणी शेजारच्या तालुक्याचीच झाडे-पाखरे उतरवून काढलेली सापडतील. ही वही म्हणजे नाल्याचा सातबारा आहे. तिच्यात डोहाचे नाव, तिथला खेकडा, झिंगा, मासा, तो कोण धरतो, कोणत्या महिन्यात सापडतो, हे गावाच्या ठरावाने चढले तर उद्या खोलीकरणाचे बिल निघताना किंवा वरच्या कारखान्याचे पाणी सुटताना हातात एक कागद असेल.

जिल्हा बैठकीसाठी प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने तीन गोष्टी लिहून आणाव्यात. गावशिवारात बारमाही होते ते डोह कोणते आणि त्यातले उरले किती. नाल्यावर पोकलेन कोणत्या साली आला. आणि डोहात खेकडा शेवटचा कोणत्या साली धरला. हे ज्याला आठवत असेल त्या ढीवराला किंवा मजुराला, येण्याजाण्याचे भाडे देऊन, बरोबर घेऊन यावे.